‘लग्न लावून द्या, आपोआप माणसात येईल’: त्या मेसेजला उत्तर

माणसं टाळणाऱ्या, घरात गप्प बसून राहणाऱ्या तरुण मुलामुलींबद्दलचा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का, लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’ अशी विनंती. तो माझ्या आत्यापर्यंत पोहोचला, म्हणून हे लिहावं लागतंय.

आत्याच्या मुलाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार आहे. औषधं सुरू आहेत. कानात येणारे आवाज थांबलेत, झोप लागते, सकाळचं दूध तो आणतो, लाइटचं बिल तोच भरतो. पण घरात चार माणसं आली की आतल्या खोलीत जाऊन बसतो. फोन उचलत नाही. काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागतो की तोवर समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. मेसेज वाचून आत्याने मला फोन केला. ‘अगं, महिनाभर गोळ्या बंद करून बघायच्या का?’ आणि थोडं थांबून, ‘मीच त्याला नको इतकं जपलं का गं?’ इतकी वर्षं दर महिन्याला त्याला घेऊन ओपीडीच्या रांगेत बसलेल्या बाईला हा प्रश्न पडावा, याचा मला संताप आलाय.

मेसेजचं म्हणणं असं. मेंदूत काहीही बिघाड नसतो, एमआरआय नॉर्मल येतो, तेव्हा हा निव्वळ आळस आणि अहंकार. आईच्या लाडामुळे मुलं अशी होतात. गोळ्यांनीच माणूस दगड होतो, त्या बंद करा. जबरदस्तीने लग्नकार्यात, जत्रेत न्या, भीड चेपते. लग्न लावून द्या, जबाबदारी पडली की आपोआप माणसात येतो. सगळं मोबाइलमुळे होतं. आणि पूर्वी एकत्र कुटुंबात असले आजार नव्हते. मी या क्रमाने जाणार नाही. आत्या जे करायला निघाली होती तिथून सुरुवात करते.

‘गोळ्यांनीच माणूस दगड होतो.’ यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागेल. स्किझोफ्रेनियाची बहुतेक औषधं मेंदूत डोपामिन या रसायनाचं काम अडवतात. डोस जास्त झाला, विशेषतः जुन्या औषधांचा, तर अंग ताठरतं, चेहरा निर्विकार होतो, दिवसभर गुंगी राहते, कशातच उत्साह वाटत नाही. घरच्यांना हे दिसतं आणि ते खोटं नसतं. डॉक्टरांनी ते ऐकून घ्यायलाच हवं. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून ‘पुढचा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांमुळेच लोक असल्या मेसेजवर विश्वास ठेवतात, हेही खरं. पण या त्रासावर डोस कमी करणं, वेळ बदलणं, औषध बदलणं असे उपाय आहेत. आपल्या मनाने गोळ्या बंद करणं हा उपाय नाही.

शिवाय माणसांपासून तुटणं गोळ्यांमुळे सुरू झालेलं नाही. पहिलं अँटिसायकोटिक, म्हणजे अशा आजारांवरचं औषध, क्लोरप्रोमाझिन, मनोरुग्णांसाठी वापरात आलं १९५२ साली. एमिल क्रेपेलिन या मनोविकारतज्ज्ञाने १८९० च्या दशकातच जर्मनीत या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा भावना बोथट होणं आणि इच्छाशक्ती खचणं त्याने ठळकपणे नोंदवलं होतं. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलरने १९११ च्या ग्रंथात, रुग्ण बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःत मिटून जातो, हे आजाराच्या मुख्य लक्षणांत धरलं. त्या काळात यावर एकही गोळी नव्हती.

आता गोळ्या बंद केल्यावर काय होतं ते. म्युनिकच्या स्टेफान लॉइश्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला. सगळे मिळून सुमारे साडेसहा हजार रुग्ण, सगळे औषधांवर स्थिर झालेले. काहींचं औषध चालू ठेवलं, काहींना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली. सात ते बारा महिन्यांच्या काळात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्के लोकांचा आजार उलटला, म्हणजे पुन्हा बळावला. बंद केलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. हा आकडा मी आत्याला दोनदा वाचून दाखवला. मेसेजमधलं ‘महिनाभर बंद करून बघा’ हे घातक आहे ते यासाठी की पहिल्या महिन्यात बऱ्याचदा काहीच वाईट होत नाही. उलट गुंगी उतरते, माणूस तरतरीत दिसतो, आणि घरच्यांची खात्री पटते की गोळ्याच वाईट होत्या. आजार उलटतो तो नंतर. तोवर मेसेज लिहिणारा जबाबदारी घ्यायला कुठेही नसतो.

‘एमआरआय नॉर्मल, म्हणजे मेंदू ठणठणीत.’ इथेही पहिला अर्धा भाग खरा आहे. एका माणसाचा एमआरआय बघून स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे कुणीही सांगू शकत नाही. डॉक्टर स्कॅन करायला सांगतात ते बहुधा गाठ, मार, फिट्स असलं दुसरं कारण नाही ना हे बघायला. पण मायग्रेनमध्येही एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, म्हणून डोकं धरून बसलेल्या माणसाला कुणी ढोंगी म्हणत नाही. फरक लहान असतो आणि तो अनेक माणसांची सरासरी काढल्यावर कळतो. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली २,०२८ रुग्ण आणि २,५४० निरोगी माणसांचे स्कॅन एकत्र मोजले. रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला हे भाग सरासरीने लहान निघाले. त्यातला हिप्पोकॅम्पस स्मरणाशी जोडलेला आहे. अमिग्डाला हा कानशिलाच्या आत खोलवर असलेला बदामाएवढा भाग, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याशी त्याचा थेट संबंध आहे.

तो संबंध कसा, हे अमेरिकेतल्या एका बाईमुळे कळलं. संशोधनात तिला एस. एम. एवढ्याच आद्याक्षरांनी ओळखतात. एका दुर्मिळ आनुवंशिक आजाराने तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झाले होते. बुद्धी ठीक, दृष्टी ठीक, ओळखीचे चेहरे ती ओळखायची. पण घाबरलेला चेहरा दाखवला तर त्यावर भीती आहे हे तिला कळायचं नाही. हे १९९४ साली प्रसिद्ध झालं. पुढची गोष्ट २००५ ची. राल्फ अ‍ॅडोल्फ्स आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाही. ‘डोळ्यांकडे बघ’ असं मुद्दाम सांगितल्यावर तिला भीती इतरांइतकीच ओळखता आली. सांगणं थांबवलं की पुन्हा पहिल्यासारखं. हिला स्किझोफ्रेनिया नव्हता, हे स्पष्ट करते. पण समोरच्याच्या नजरेला नजर देणं हे आपण संस्कार, स्वभाव, गुर्मी यांत मोजतो, आणि ते मेंदूचा एक छोटा भाग गेल्यामुळे जाऊ शकतं, एवढं यातून सिद्ध होतं. आतेभाऊ बोलताना भिंतीकडे बघतो म्हणून त्याला उद्धट म्हणणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं.

माणसांत मिसळणं आपल्याला एक गोष्ट वाटते कारण आपल्याला त्यासाठी काही करावं लागत नाही. प्रत्यक्षात एका वाक्याच्या देवाणघेवाणीत मेंदूला चेहरा वाचावा लागतो, आवाजातला सूर पकडावा लागतो, समोरच्याला काय माहीत आहे आणि काय म्हणायचंय याचा अंदाज बांधावा लागतो, आणि आपली पाळी जायच्या आत उत्तर द्यावं लागतं. यासाठी मेंदूतले वेगवेगळे भाग एकत्र काम करतात. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायचं काम मुख्यतः कपाळामागच्या मधल्या भागाचं आणि कानाच्या वर, थोडं मागे असलेल्या भागाचं. स्किझोफ्रेनियात या जाळ्याचं काम बिघडतं.

ते कसं दिसतं ते मी जवळून पाहिलंय. चुलतबहिणीच्या साखरपुड्याला एका काकांनी आतेभावाच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, ‘काय साहेब, आम्हाला विसरलात वाटतं!’ सगळे हसले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ‘नाही, मी विसरलो नाही. मी काही केलेलं नाही,’ असं तो अगदी गंभीरपणे म्हणाला आणि बाहेर जाऊन गाडीत बसला. रात्री मला विचारलं, ‘काका माझ्यावर का रागावले होते?’ काका रागावलेले नव्हते. थट्टेतला सूर, डोळ्यांतलं हसू, पाठीवरच्या हाताचा अर्थ, यातलं त्याच्यापर्यंत काहीच पोहोचलं नव्हतं. पोहोचले होते फक्त शब्द, आणि शब्द आरोपाचे होते. ज्याला प्रत्येक समारंभात असे आरोप ऐकू येतात तो समारंभाला का जाईल?

आणि हे गोऱ्या लोकांच्या चेहऱ्यांवर केलेलं संशोधन आहे, आपल्याला लागू नाही, असं म्हणायचीही सोय नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत भारतीय कलाकारांच्या चेहऱ्यांचे फोटो आणि व्हिडिओ वापरून भावना ओळखण्याची चाचणी तयार केली गेली. आयुष्यात एकदाही अँटिसायकोटिक न घेतलेल्या रुग्णांवर ती वापरली, तरी त्यांच्या चुका निरोगी माणसांपेक्षा जास्त होत्या. गोळ्यांच्या मुद्द्यालाही हेच उत्तर आहे. याच संस्थेने टोमणा, सूचक बोलणं, प्रसंगाला न शोभणारं वागणं कळतं का, हे तपासायच्या चाचण्याही भारतीय प्रसंगांत बसवून घेतल्या.

याचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो? २०११ साली ५२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. नोकरी, मैत्री, घरातला वावर यांत रुग्णारुग्णांत जो फरक दिसतो, त्यातला सरासरी १६ टक्के फरक माणसं समजण्याच्या क्षमतेशी जुळत होता. स्मरणशक्ती, एकाग्रता यांच्याशी ६ टक्के. सगळा फरक यातूनच येतो असं कुणी म्हणत नाही. पण ‘पाठांतर करून घ्या, बुद्धी तल्लख होईल’ असं सांगणाऱ्यांनी तरी हे आकडे बघावेत.

‘आळस’ या शब्दाचंही बघू. बर्लिनमधल्या एका लहान अभ्यासात, २००६ साली, औषध सुरू नसलेल्या रुग्णांना बक्षीस मिळण्याची शक्यता दाखवली. आता काहीतरी चांगलं मिळणार या अपेक्षेने मेंदूच्या तळाजवळचा जो भाग एरवी जागा होतो, तो त्यांच्यात कमी जागा झाला, आणि ज्यांच्यात तो जितका मंद तितकी त्यांची निरुत्साहाची लक्षणं जास्त. दुसरीकडे अ‍ॅन क्रिंग यांच्या गटाने २००७ साली दाखवलं की प्रत्यक्ष आनंदाच्या क्षणी रुग्णांना इतरांइतकाच आनंद होतो. कमी पडतो तो पुढच्या आनंदाचा अंदाज. मला हे वाचून आतेभाऊ पहिल्यांदा कळला. सिनेमाला चल म्हटलं की नको म्हणतो. नेलाच तर मध्यंतरात वडा खात व्यवस्थित बोलतो. पुढच्या वेळी पुन्हा नको. आधीचा आनंद त्याला उठवू शकत नाही. याला आळस म्हणणाऱ्याने आधी आळशी माणूस बघून यावा. त्याला खाटेवर पडून राहण्यात सुख असतं, याला नसतं.

हे एकट्या स्किझोफ्रेनियाचं नाही. नैराश्यात माणसं टाळली जातात, सोशल अँग्झायटीत, म्हणजे चारचौघांत वावरायच्या भीतीत, टाळली जातात, ऑटिझममध्ये लहानपणापासून देवाणघेवाण वेगळी असते. कारणं वेगवेगळी, बाहेरून दिसतं सारखंच. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया नावाच्या आजारात तर आयुष्यभर शांत, मर्यादशील असलेला माणूस पन्नाशी-साठीत लोकांना वाटेल ते बोलू लागतो, घरच्यांचं दुःख त्याला शिवत नाही. मेंदूचा पुढचा भाग झिजलेला असतो. त्याचे संस्कार साठाव्या वर्षी संपले का? युरोपातल्या प्रिझम प्रकल्पाने स्किझोफ्रेनिया आणि अल्झायमर या अगदी वेगळ्या आजारांचे रुग्ण एकत्र तपासले, तेव्हा ज्यांचं लोकांत वावरणं जास्त बिघडलेलं त्यांच्यात मेंदूच्या एका ठरावीक जाळ्यातल्या जोडण्या कमकुवत दिसल्या. रोगनिदान कोणतंही असो. त्यातही कपाळामागच्या मधल्या भागात हे जास्त दिसलं, ज्याचा उल्लेख वर आलाय.

आता लग्न. हा मुद्दा मेसेजमध्ये सगळ्यात लाडाने लिहिलाय आणि सगळ्यात जास्त आयुष्यं यानेच नासतात.

स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाने लग्न करू नये असं मी म्हणत नाही. आजार आटोक्यात असताना, दोन्ही बाजूंना सगळं माहीत असताना, दोघांच्या इच्छेने झालेली लग्नं टिकतात. मेसेज ते सांगत नाही. तो सांगतो की लग्न हेच औषध आहे. आणि आपल्याकडे हे औषध कसं दिलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे: समोरच्यांना न सांगता. पत्रिका जुळवतात, शिक्षण सांगतात, ‘जरा अबोल आहे’ म्हणतात. लग्नाच्या आठवड्यात झोप नाही, घरात पन्नास पाहुणे, सतत कुणाशी तरी बोलावं लागतं, आणि हातात गोळ्यांची पट्टी दिसू नये म्हणून गोळ्या बंद. आजार उलटायला लागणारं सगळं एका आठवड्यात गोळा केलं जातं. वर ज्याला एका थट्टेचा अर्थ लागत नाही, त्याच्याकडून अपेक्षा काय, तर एका अनोळखी माणसाच्या मनातलं न सांगता ओळखायचं, तेही रात्रंदिवस, एका खोलीत. लग्नाइतकं समोरच्याचं मन वाचावं लागणारं दुसरं नातं कुठलं आहे?

आणि दुसरी बाजू. जिला काही न सांगता या घरात आणली, ती मुलगी कुणाच्या हिशेबात नसते. नवरा बोलत नाही, बघत नाही, यात आपलंच काही चुकतंय असं तिला महिनोन्‌महिने वाटत राहतं. मेसेजमध्ये तिच्याबद्दल एक ओळ आहे: ‘सुशील मुलगी त्याला सांभाळून घेईल.’ कुणाच्या तरी लेकीला नर्स म्हणून, न विचारता आणि न सांगता, घरात आणायचा हा सल्ला आहे. तो देणाऱ्याला लाज वाटायला हवी.

आजारी मुलगी असेल तर हाल आणखी वाईट. चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनमधल्या डॉ. आर. थारा आणि सहकाऱ्यांनी लग्न मोडलेल्या रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. बहुतेक जणींचा कायदेशीर घटस्फोट झालेलाच नव्हता, नवऱ्याकडून पोटगी नव्हती, सांभाळत होते ते म्हातारे आईवडील. आणि आजाराच्या शिक्क्यापेक्षा ‘नवऱ्याने टाकलेली’ हा शिक्का त्यांना आणि घरच्यांना जास्त बोचत होता. लग्नाने आजार गेला नाही, वर हे दुसरं दुःख पदरात पडलं.

कायद्याचंही सांगते, कारण मेसेज पुढे पाठवणाऱ्या मंडळींना निदान त्याची तरी भीती वाटेल. हिंदू विवाह कायद्यात, १९७६ च्या दुरुस्तीपासून, महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळवलेल्या संमतीचं लग्न रद्द ठरवून घेता येतं. घटस्फोटाच्या कारणांत तर स्किझोफ्रेनियाचा नावानिशी उल्लेख आहे. मात्र नुसतं निदान आहे म्हणून घटस्फोट मिळत नाही, आजाराचं प्रमाण आणि त्याचा सहजीवनावरचा परिणाम सिद्ध करावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितलंय. म्हणजे रुग्णालाही संरक्षण आहे. लपवणाऱ्याला नाही.

‘आईच्या लाडामुळे.’ आत्याला ज्याने रडवलं तो हा मुद्दा, आणि तो नवा नाही. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषक बाईंनी मुलाला स्किझोफ्रेनिया देणाऱ्या आईची कल्पना मांडली. पुढची काही दशकं अमेरिकेत आयांना डॉक्टरांसमोर आरोपी म्हणून बसावं लागलं. मग लेनर्ड हेस्टन यांनी १९६६ साली साधा हिशेब केला. स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांची ४७ मुलं, जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून दूर गेलेली आणि दुसरीकडे वाढलेली. त्यांतल्या ५ जणांना मोठेपणी स्किझोफ्रेनिया झाला. अशाच परिस्थितीत वाढलेल्या, पण आईला आजार नसलेल्या ५० मुलांत एकालाही नाही. आईचा हात, आईचा लाड, आईची सावलीही नसताना आजार आला. त्यानंतर जनुकांवरचं संशोधन कुठल्या कुठे गेलंय. २०२२ पर्यंत जनुकसंचातल्या २८७ जागा या आजाराशी जोडल्या गेल्या आहेत.

घराचा काहीच संबंध नाही असं नाही. लंडनच्या जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली दाखवलं की ज्या घरांत रुग्णावर सतत टीका, चिडचिड आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीत अति गुंतणं होतं, तिथे परतलेल्यांपैकी ५८ टक्के लोकांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. शांत घरांत हेच प्रमाण १६ टक्के. अति गुंतणंही त्यात आहे, तेव्हा मेसेजवाल्याला इथे एक कण द्यावा लागतो. पण हे आजार उलटण्याबद्दल आहे, आजार होण्याबद्दल नाही. आणि ‘आळशी’, ‘अहंकारी’, ‘आईने बिघडवलेला’ हे शब्द घराघरांत पोहोचवणारा मेसेज नेमकी ती टीका वाढवतोय.

‘जबरदस्तीने गर्दीत न्या.’ नाही. त्याला माणसं हवीत, गर्दी नको. ओळखीचं एक माणूस, ठरलेली वेळ, जमेल एवढंच बोलणं, मधे उठून जायची मुभा. चेहरे वाचणं, संभाषण सुरू करणं, गैरसमज तपासून बघणं हे टप्प्याटप्प्याने शिकवता येतं, तशी प्रशिक्षणं आहेत. आणि यासाठी मोठ्या शहरातलं महागडं केंद्रच हवं असंही नाही. तामिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात २८२ रुग्णांवर एक चाचणी झाली, ती २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन रुग्णाच्या घरी पाठवलं. औषधं चालू आहेत ना हे बघणं, घरच्यांशी बोलणं, रोजची कामं आणि लोकांतला वावर हळूहळू वाढवणं, हे त्यांचं काम. वर्षभराने त्यांच्या रुग्णांची लक्षणं आणि अडचणी फक्त दवाखान्यातले उपचार घेणाऱ्यांपेक्षा काहीशा कमी होत्या. फरक फार मोठा नव्हता. पण तो मिळाला औषधांच्या जोडीने आणि धीराने, कुणालाही जत्रेत ढकलून नव्हे.

मोबाइलवर वेळ घालवायला मला नको. क्रेपेलिनच्या काळात मोबाइल नव्हता. लहान मुलांच्या हातात तासन्‌तास स्क्रीन देऊ नये हे बरोबर आहे, पण तो वेगळा विषय आहे.

‘एकत्र कुटुंबात असले आजार नव्हते.’ ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ साली उघडलं, तेव्हा कुटुंबं एकत्रच होती. हो, जागतिक आरोग्य संघटनेच्या साठच्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात आग्र्याच्या रुग्णांची प्रगती अनेक श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा चांगली दिसली, आणि त्यात कुटुंबाने धरून ठेवण्याचा वाटा असावा असं अनेकांना वाटतं. म्हणजे कुटुंबामुळे आजार टळत नाही, आजारी माणसाला आधार मिळतो. तो आधार माझी आत्या आज एकटी देतेय.

तिला मी सांगितलंय ते असं. गोळी एकही चुकवायची नाही. पुढच्या भेटीला जाताना कागदावर लिहून न्यायचं: दिवसा किती झोपतो, हात थरथरतात का, चेहरा आणि अंग ताठ वाटतं का, वजन किती वाढलं. डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं की हा निरुत्साह आजाराचा आहे की डोसचा, आणि पुनर्वसनासाठी कुठे पाठवता येईल. तोवर काही शंका आली तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. घरी पाहुणे येणार असतील तर त्याला आदल्या दिवशी कोण, किती वाजता, किती वेळ हे सांगून ठेवायचं. आणि थट्टा करणाऱ्या काकांना आधीच सांगायचं की त्याच्याशी सरळ बोला. ते मी स्वतः सांगणार आहे.